चार-नि-साठ

नंबर उतरवून घेण्यात माझा हात धरणारं आमच्या बेटावर कोणी नव्हतं. बढाई मारत नाही. अकरा वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. कानाला हेडफोन, समोर तारांची फळी, आणि कानात आलेला आकडा डोक्यात न थांबता सरळ बोटांत उतरायचा. हाताने जोडायचं एक्स्चेंज बंद झालं त्या दिवशी साहेब भाषणात म्हणाला होता, "तूरिदने एकही नंबर चुकीचा जोडला नाही." साफ खोटं. दोन चुकले होते. पण अकरा वर्षांत दोन म्हणजे काय हो?

म्हणून सांगते, जे झालं ते माझ्याच हाताने झालं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

माझा नवरा हालवार्ड मूळचा बर्गन शहरातला. माणूस सोन्यासारखा, पण आकडे उलटे बोलतो. ६४ लिहिलेलं दिसलं की मी म्हणते साठ-चार. तो म्हणतो चार-नि-साठ. आमच्या नॉर्वेत दोन्ही चालतं, आणि तेच तर दुखणं आहे. एकावन्न साली संसदेने ठराव केला की आधी मोठा आकडा बोलायचा, मग सुटा, म्हणजे फोनवर घोटाळे होणार नाहीत. आम्हा टेलिफोनवाल्यांनीच तो आग्रह धरला होता. शाळेत तसंच शिकवायला लागले. हालवार्डही शिकला, पण घरी बाप जुन्या तऱ्हेने बोलायचा, आणि याने बापाचंच उचललं.

"अरे, संसदेने ठरवलंय! सत्तर वर्षं झाली!" मी म्हणायची.

"संसदेला सांग, मला अजून वेळ मिळाला नाही," तो म्हणायचा.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात आमचं खरंखुरं भांडण म्हणाल तर हे एकच. बाकीची सगळी किरकोळ.

गेल्या ऑक्टोबरात त्याचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून मी गरम पाणी पाजलं, गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळला, वरून चार शिव्या घातल्या. नोव्हेंबरात डॉक्टरने घशात नळी घालून पाहिलं आणि मग खुर्ची पुढे ओढून आमच्यासमोर बसला. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतो तेव्हा आपण काय ते समजावं. कॅन्सर होता. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. जीव वाचेल म्हणाला, आवाज वाचणार नाही.

हातात पर्स होती, ती खाली पडल्याचंही मला कळलं नाही. हालवार्डने घोगऱ्या आवाजात विचारलं, "मग बायकोशी भांडायचं कसं?" डॉक्टर हसला नाही. मला हसायचं होतं, पण जमलं नाही.

त्या हॉस्पिटलात योरुन नावाची बाई होती. बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलतं करणं हेच तिचं काम. तिने एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी हालवार्डने दीड हजार वाक्यं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. त्यावरून त्याच्यासारखा आवाज तयार करतात आणि एका यंत्रात भरतात. मग तो जे टाईप करेल ते यंत्र त्याच्या आवाजात बोलतं. यंत्र मंजूर व्हायला दोन-तीन महिने लागतात, तोवर रेकॉर्डिंग आमच्याकडेच राहणार होतं.

"पण जपून ठेव हं, तूरिद," योरुन म्हणाली. "हे एकदाच होतं. नंतर पुन्हा करायला आवाजच नसेल."

एकदाच होतं. ते दोन शब्द डोक्यात घेऊन मी बोटीतून घरी आले.

वरच्या खोलीत कॉम्प्युटर होता. रोज सकाळी हालवार्ड तिथे बसून वाचायचा. वाक्यं कोणत्या रिकामटेकड्याने लिहिली होती कोण जाणे. "लाल होडी धक्क्याला लागली." "मावशीने पाच खुर्च्या आणल्या आणि चार परत नेल्या." तो खाकरायचा, मावशीच्या नावाने शिवी हासडायचा, पुन्हा वाचायचा. मी जिन्यात बसून ऐकायची. तिथे बसायचं काही काम नव्हतं. पण तो आवाज घरात किती दिवस आहे ते आता मोजून ठरलेलं होतं, आणि मला त्यातलं काही वाया घालवायचं नव्हतं.

ख्रिसमसला आमची मुलगी राग्ना आली. ती लांब ट्रोम्सोला शिक्षिका आहे, आणि घरी आली तरी शिक्षिकाच असते. वॅफलची ताटली बाजूला सारून तिने टेबलावर कागद ठेवला. त्यावर तीन कंपन्यांची नावं होती.

"हे काय?" मी विचारलं.

"बाबाचा आवाज ठेवायच्या जागा. ऑनलाईन बॅकअप."

"कॉम्प्युटरवर आहे. शेजारी डिस्क आहे, तिच्यावर दुसरी प्रत आहे. अजून किती ठेवायचं?"

"दोन्ही एकाच टेबलावर आहेत ना, आई? घराला आग लागली तर दोन्ही हातात हात घालून जळतील. एक प्रत घराबाहेर पाहिजेच."

म्हणणं खरं होतं, म्हणून मला राग आला. मी चष्मा लावला.

पहिली कंपनी सगळं जग वापरतं ती. मी तिच्या अटी वाचायला घेतल्या. हसू नका, मी अटी वाचते. बाराव्या पानावर गोड भाषेत लिहिलं होतं की सेवा सुधारण्यासाठी ते आपल्या फाईल तपासू शकतात.

"म्हणजे कान लावून ऐकणार," मी म्हणाले. "एक्स्चेंजमध्ये जी बाई लोकांचं बोलणं ऐकायची, तिला त्याच दिवशी घरी बसवायचे. हिलाही घरी बसवा."

दुसरी राग्नाच्या मनात भरलेली होती. तिचे कॉम्प्युटर आपल्याच देशात, एका डोंगराच्या पोटात. फाईल कुलूपबंद. चुकून पुसली तरी महिनाभर जुनी प्रत मिळते. आणि किल्ली विसरली, तर ओळखपत्र दाखवून ते दार उघडून देतात.

"थांब. ते उघडून देतात म्हणजे एक किल्ली त्यांच्याकडे पण असते?"

"असते. नीट बंदोबस्तात ठेवलेली."

"ज्याच्याकडे किल्ली, तो एक ना एक दिवस दार उघडतोच."

"अगं आई, ती सोय विसरणाऱ्यांसाठी आहे!"

"मी काही विसरत नाही."

हालवार्डने छताकडे पाहिलं. राग्नाने बापाकडे पाहिलं. मी दोघांकडे पाहिलं आणि तिसरं नाव पुढे ओढलं.

तिसरी कंपनी मला पाहताक्षणी आवडली. तिथे फाईल आपल्या घरातच कुलूपबंद होते आणि मग निघते. आत काय आहे ते कंपनीला दिसत नाही. उघडताही येत नाही, कोर्टाने फर्मावलं तरी नाही. किल्ली चोवीस आकड्यांची, एकदाच पडद्यावर दिसते, आणि ती फक्त आपल्याकडे. दहा वेळा किल्ली चुकली की तिजोरी आतलं सगळं कायमचं पुसून टाकते.

"ही मुकी आहे," हालवार्ड म्हणाला. "काहीही करा, तोंड उघडत नाही. बरं झालं, मला जोडीदार मिळाली."

"आणि किल्ली हरवली तर?" राग्ना म्हणाली.

"माझ्याकडून?"

"निदान मला एक प्रत दे."

"काही नाही. तू, मी, बाबा, म्हणजे सहा कान. षट्कर्णी झालं की फुटलंच."

"कोणाला चोरायचाय गं बाबाचा आवाज? मावशीच्या पाच खुर्च्या?"

"हल्ली आवाज चोरून बँकेला फोन करतात. पेपर वाचत जा."

ती उठली आणि भांडी घासायला गेली. इतक्या जोरात घासत होती की बशीचा कपचा उडाला. मी हालवार्डकडून शपथ घेतली की किल्ली तो कोणालाही सांगणार नाही. त्याने छातीवर हात ठेवून शपथ घेतली, जरा जास्तच गंभीर चेहरा करून.

जानेवारीत रेकॉर्डिंग पूर्ण झालं. त्या दुपारी आम्ही दोघं वर बसलो, तो पडद्यासमोर, मी पलंगाच्या कडेला वही घेऊन. प्रिंटर बिघडलेला होता. फोनवर फोटो काढायला मी नकार दिला, कारण फोनमधले फोटो कुठे कुठे हिंडून येतात ते कोणाला ठाऊक. पेन आणि वही, बास. आकडे दोन-दोनच्या जोडीने आले, आपण फोन नंबर सांगतो तसे.

"चार-नि-साठ," हालवार्ड म्हणाला.

"नीट सांग."

"शून्य-सात. तीन-नि-ऐंशी."

"हालवार्ड!"

"बरं बरं. एकोणीस. पन्नास-दोन. झालं समाधान? सहा-नि-वीस."

"आत्ता नीट बोलत होतास ना?"

"घसा दुखतो गं. जुनं सोपं जातं." तो पाणी प्यायला. "चाळीस. सत्तर-पाच. एक-नि-तीस."

असं करत बारावी, शेवटची जोडी लिहिली आणि खाली फोन वाजला. मी धावत गेले. हॉस्पिटलचा होता. एक जागा रिकामी झाली होती, आणि ऑपरेशन महिनाअखेरीस न होता याच गुरुवारी होणार होतं.

परवा! मी फोन धरून तिथेच उभी राहिले. वर ओरडून हालवार्डला सांगितलं. त्याला खाली यायला दहा मिनिटं लागली. आला तेव्हा एवढंच म्हणाला, "'किल्ली लिहून घेतली' तिथे खूण केली, पडद्यावरची खिडकी बंद केली. चल, बॅग भरू."

एक्स्चेंजचा पहिला नियम होता की घेतलेला नंबर समोरच्याला परत वाचून दाखवायचा. जन्मभर पाळलेला नियम मी त्या दिवशी मोडला, आणि मोडला हे लक्षातही आलं नाही.

ऑपरेशन पार पडलं. मी हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहिले. हालवार्डच्या गळ्याला भोक होतं, हातात पाटी होती, आणि डोळे तेच होते. पहिल्या दिवशी त्याने पाटीवर लिहिलं, "भांडण?" मी म्हणाले, "आधी बरा हो, मग बघते तुला." बाहेर येऊन मात्र मी भिंतीला टेकले. इतकी वर्षं ज्याची कटकट ऐकली, त्याच्या तोंडातून नुसता वारा येत होता.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या म्हाताऱ्या उलाईचा फोन आला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस, कधी घाबरत नाही. "तूरिद," तो म्हणाला, "तुमच्या जिन्यावरून पाणी वाहतंय."

निघताना मी वरच्या खोलीतला हीटर बंद करून आले होते. रिकाम्या खोलीला ऊब कशाला! कडाक्याची थंडी पडली, भिंतीतला पाईप गोठला आणि फुटला. कॉम्प्युटर मी चालूच ठेवला होता, फाईल नीट त्या मुकीकडे पोचाव्यात म्हणून. त्यावर पाणी कोसळून तो जळाला, आणि शेजारची डिस्क त्याच वायरवर होती, तीही गेली. राग्ना म्हणाली होती तसंच, हातात हात घालून.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या चिखलात उभी राहून मी जवळजवळ खूश होते. कारण मुकी होती ना! मी निवडलेली, मजबूत. म्हटलं, बघा आता तूरिदची अक्कल. नवा लॅपटॉप घेतला, स्वयंपाकघराच्या टेबलावर वही उघडली आणि किल्ली भरली.

'किल्ली चुकीची आहे. नऊ प्रयत्न शिल्लक.'

बोट घसरलं असेल म्हणून परत भरली, अगदी सावकाश. आठ शिल्लक. मग वाटलं, हा सात नसून एक असेल. पण माझ्या साताला आडवी रेघ असते, नेहमीच. तरी बदलून पाहिलं. सात शिल्लक. तीनाचा आठ केला. सहा. नवाचा चार केला. पाच. शून्याचा सहा केला. चार.

मी लॅपटॉप मिटला आणि त्याच्यावर हात दाबून बसले, तो आपोआप उरलेले प्रयत्न करेल की काय या भीतीने.

कंपनीला फोन केला. नातवाच्या वयाचा कोणी होता, फार मवाळ. "मला खूप वाईट वाटतंय, तूरिद. पण आम्हाला खरंच उघडता येत नाही. म्हणून तर तू आम्हाला निवडलंस."

थोबाडीत बसावी तसं झालं.

मी कोणाला काही सांगितलं नाही. हालवार्डला धक्का बसू नये म्हणून, असं मनाला समजावलं. राग्नाला का नाही सांगितलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. हॉस्पिटलात गेले की हालवार्ड पाटीवर लिहायचा, "घर?" मी म्हणायची, "आहे जागेवर." तो लिहायचा, "आवाज?" मी म्हणायची, "तिजोरीत आहे." खोटं एक अक्षर नव्हतं, आणि तरी मला त्याच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. योरुन दारात भेटली, म्हणाली यंत्र मंजूर झालंय, रेकॉर्डिंग पाठवून दे. मी म्हणाले, पाठवते. असं दोनदा झालं.

त्या पाईपसाठी प्लंबर पाहिजे होता. उलाईकडे एकाचा नंबर होता. त्याने कुंपणावरून जोड्या-जोड्यांनी सांगितला, मी पाकिटाच्या पाठीवर उतरवला आणि घरात येऊन लावला.

"केशकर्तनालय," एक बाई म्हणाली.

"प्लंबर नाही?"

"केस कापतो आम्ही. पाईप नाही."

मी तरातरा कुंपणाशी गेले. "काय रे उलाई, न्हाव्याचा नंबर दिलास?"

"बरोबर दिला. दाखव पाकीट." त्याने डोळ्यांजवळ धरलं. "हे काय लिहिलंयस? मी म्हणालो पाच-नि-नव्वद. तू पाच लिहिलास, मग नऊ. ते नव्वद-पाच पाहिजे, बाई. टेलिफोनमध्ये होतीस ना तू?"

मी पाकिटाकडे पाहिलं. मग माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मी तिथेच कुंपणाला धरून खाली बसले. उलाई घाबरून म्हणत होता, "अगं, न्हाव्याला फोन लागला म्हणून एवढं काय!"

कानात आलं ते तसंच बोटांत. कानाला आधी चार ऐकू आला की बोट आधी चार लिहिणार. डोकं मध्ये येतच नाही, तेच तर माझं कौशल्य! हालवार्ड चार-नि-साठ म्हणाला, वहीत ४६ पडले. तो तीन-नि-ऐंशी म्हणाला, वहीत ३८. आणि जिथे मी ओरडले म्हणून तो नीट बोलला, तिथे बरोबर पडले असतील. पण कुठे कुठे ओरडले मी? एकोणीस, चाळीस असे एकाच तऱ्हेने बोलायचे आकडे सोडले तरी आठ जोड्या दोन्हीकडून वाचता येत होत्या. मी कागदावर हिशोब केला. दोनशे छप्पन्न तऱ्हा निघत होत्या, आणि प्रयत्न चार.

मी गप्प बसून आठवायचा प्रयत्न केला. पहिल्या काही जोड्या आठवल्या. पुढचं नुसतं माझंच ओरडणं आठवत होतं.

शेवटी राग्नाला फोन लावला. सगळं सांगितलं. हीटर, पाणी, वही, न्हावी, सगळं. कबुली द्यायची सवय नसली की ती किती लांबते! मी रडले की नाही ते आठवत नाही, पण नाक चोंदलं होतं एवढं नक्की. "बोल आता," मी म्हणाले. "म्हण, मी सांगितलं होतं."



"आई," ती म्हणाली, "तू बसलीयस का?"

"बसलेय. का?"

"माझ्याकडे आहे किल्ली. बाबाने दिलीय."

"काय?"

"निरोप ठेवला होता फोनवर. जानेवारीत. मी वर्गात होते, म्हणून रेकॉर्ड झाला. मी पुसला नाही. पुसणार कसा? त्याचा शेवटचा निरोप होता तो. पण त्याने बजावलं होतं, आईला सांगू नकोस. मला काय माहीत तू दोन आठवडे तिकडे अशी तडफडतेयस? तू विचारलंस कुठे?"

ती दहा मिनिटं! मी खाली फोन धरून उभी होते आणि हा शपथ घेतलेला माणूस वर बसून लेकीला किल्ली वाचून दाखवत होता. संतापाने माझे कान तापले. "लाव तो निरोप," मी म्हणाले. "ऐकव मला."

तिने दुसऱ्या फोनवरून लावलं. खरखर झाली, एक खाकरणं आलं, आणि हालवार्ड माझ्या स्वयंपाकघरात बोलायला लागला.

"राग्ना, बाबा बोलतोय. आईला सांगू नकोस, जिवंत सोलून काढेल. किल्ली लिहून घे. तिने घेतलीय लिहून, पण मी जुन्या तऱ्हेने वाचलं की ती चिडते, आणि चिडली की तिला आकडे ऐकू येत नाहीत. बिचारी घाबरलीय गं. माझ्यापेक्षा जास्त. तर घे, चार-नि-साठ, शून्य-सात, तीन-नि-ऐंशी..."

संताप कुठल्या कुठे गेला. मी पेन धरून नुसती बसले. पाच आठवड्यांनी तो आवाज ऐकत होते, आणि आवाज मला बिचारी म्हणत होता. एक अक्षर लिहिलं गेलं नाही.

"आई? घेतलंस का?"

"परत लाव."

तिने परत लावलं. या वेळी मी प्रत्येक 'नि'ला थांबले, आकडा डोक्यात फिरवला आणि मग लिहिला. संपल्यावर सगळा नंबर परत वाचून दाखवला. राग्ना म्हणाली, बरोबर. मी तो भरला. पडदा क्षणभर पांढरा झाला. त्या क्षणात माझं जे झालं ते माझ्या शत्रूचंही होऊ नये. मग फाईलींची रांग उलगडायला लागली, एक, दोन, दीड हजार. मी मधलीच एक उघडली. मावशीने पाच खुर्च्या आणल्या होत्या.

त्याच दिवशी एक प्रत योरुनला, एक राग्नाला आणि एक डोंगराच्या पोटातल्या दुसऱ्या कंपनीला गेली. विश्वासू माणूस म्हणून तिथे राग्नाचं नाव लिहिलं. हालवार्डला जाऊन सगळं सांगितलं. त्याने पाटी घेतली आणि लिहिलं, "सोलणार?" मी म्हणाले, "घरी चल, मग सोलते."

एप्रिलमध्ये तो घरी होता आणि यंत्र आलं. पाटीएवढंच, पडद्यावर अक्षरं. योरुनने शिकवून ठेवलं होतं. हालवार्ड स्वयंपाकघरात आपल्या खुर्चीवर बसला, दोन बोटांनी टाईप केलं आणि बटण दाबलं.

"कॉफी कडू आहे," यंत्र म्हणालं.

त्याचा आवाज! जरासा सपाट, पण त्याचाच, बर्गनचा, खर्जातला. माझ्या हातातली किटली ओट्यावर आपटली. मी हसतही होते, रडतही होते. "कडू आहे तर पिऊ नकोस!" मी ओरडले, आणि तीन महिन्यांनी घरात भांडण झालं. त्याने टाईप केलं, "तशी बरी आहे." मी म्हणाले, "आता सारवासारव करू नकोस." किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग त्याचे डोळे मिचमिचले. खोडी काढायची असली की ते तसे होतात. मला ठाऊक होतं काय येणार. त्याने दोनच आकडे दाबले, सहा आणि चार, आणि माझ्याकडे बघत बटण दाबलं.

"साठ-चार," यंत्र म्हणालं.

त्याच्या आवाजात. स्वच्छ. संसदेने ठरवलेलं, शाळेत शिकवलेलं, चव्वेचाळीस वर्षं मी मागितलेलं.

हालवार्डचं बोट तिथेच राहिलं. त्याने परत दाबलं. "साठ-चार." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग तो हसायला लागला, खांदे हलवून, आवाज न करता. म्हणजे तू जिंकलीस, असं ते हसू होतं. त्याने दोन्ही हात वर केले, शरण आल्यासारखे.

मला हसू आलं नाही. घरात कोणी परका माणूस शिरून हालवार्डच्या तोंडाने बोलावा तसं वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "असं नाही बोलत हा. योरुनला फोन लावते. काय ठेवलंय यात यांनी!"

योरुन शांतपणे म्हणाली की आकडे टाईप केले की यंत्र ते ठरलेल्या पद्धतीनेच वाचतं. सगळ्यांसाठी तेच. अधिकृत पद्धत आहे, एकावन्न सालापासूनची.

"संसद गेली खड्ड्यात," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

हालवार्ड हसायचा थांबला होता. तो यंत्राकडे हात नेत होता, मला काहीतरी सांगायला. मी त्याच्या हाताखालून ते ओढून घेतलं. चष्मा सापडेना, तशीच वाकले, आणि एकेक अक्षर शोधत, आकड्यांत नाही, शब्दांत लिहिलं. चार. मग नि. मग साठ. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे त्याला परत वाचून दाखवलं.

"बरोबर?" मी विचारलं.

त्याने मान डोलावली. मी बटण दाबलं.

"चार-नि-साठ," हालवार्ड म्हणाला.

मी परत दाबलं.